पिंप्राळ्यात तर्कशास्त्र

जून १९८८ मध्ये मी शाळेत रुजू झालो, त्या दिवशी तिथे पुढील गोष्टी होत्या : खोल्या दोन, वर्ग चार, पटावर मुलं त्रेपन्न, पैकी हजर एकोणचाळीस, फळे तीन (एक मधोमध दुभंगलेला होता, त्यामुळे तीन म्हणावेत की चार यावर मी थोडा वेळ घालवला), घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा एक, मुख्याध्यापिका एक, पाळक एक आणि परदेशातून आलेलं पुस्तकांचं खोकं एक. खोकं अजून कोणी फोडलेलं नव्हतं. ते तसंच राहिलं असतं तर ही हकिकत लिहावी लागली नसती.

शाळा एका लहानशा चर्चची होती, पिंप्राळ्यात, रेल्वे फाटकाच्या पलीकडे. ख्रिस्ती मुलं तिच्यात चारच. बाकीची सगळी केळी-कापसाच्या घरांतली. गावाकडे शेती आणि मुलांच्या शिक्षणासाठी जळगावात बिऱ्हाड, अशी. ती या शाळेत येत, कारण सकाळी प्रमिलाबाई त्यांच्या दारात उभ्या राहत. प्रमिलाबाई म्हणजे मुख्याध्यापिका. एकोणीस वर्षं त्यांनी शाळा अशीच भरवली होती. छत्री घेऊन एकट्या निघायच्या आणि मुलांची रांग घेऊन परतायच्या. मूल आजारी असेल तर त्या औषध कुठलं चालू आहे ते विचारत. आजारी नसेल तर त्याच्या आईला विचारत, "मग हा घरी का?" एकोणीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर कोणालाही देता आलं नव्हतं.

शाळेची मान्यता मात्र तात्पुरती होती. दरवर्षी मुदत वाढवून मिळे. या वर्षी कचेरीतून कळलं की आता वाढ नाही. फेब्रुवारीत तपासणी होईल. पट किमान पन्नास असला आणि साहेबांचं समाधान झालं तर कायम मान्यता, नाहीतर एप्रिलअखेर शाळा बंद आणि मुलं आजूबाजूच्या शाळांत वाटून टाकायची. 'वाटून' हा शब्द प्रमिलाबाईंनी माझ्यासमोर दोनदा वाचला.

माझी निवड ज्या पद्धतीने झाली तिचाही उल्लेख करायला हवा. पाळक हिलालसाहेब मूळचे साक्रीकडचे. उंच, सावकाश बोलणारे, आणि एकदा एखादी गोष्ट खरी वाटली की तिच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत जाणारे.

"तुम्ही बी.एस्सी.?" त्यांनी विचारलं.

"हो."

"विषय?"

"वनस्पतिशास्त्र."

"म्हणजे लॅटिन येतं."

मी म्हणालो की वनस्पतींची नावं लॅटिनमध्ये असतात, यापलीकडे माझा त्या भाषेशी संबंध नाही.

"केळीला काय म्हणतात?"

"म्युसा पॅराडिसियाका."

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. "पॅराडिस. म्हणजे नंदनवन. बघा गिरधर सर, जळगावच्या केळीतसुद्धा आहे. आणि कापसाला?"

"गॉसिपियम."

त्यात त्यांना काही सापडलं नाही, पण तोवर माझी नेमणूक झालेली होती.

मग खोकं फोडलं. त्यात एक पातळ पुस्तिका होती. जुन्या काळी ख्रिस्ती शाळांत लहान मुलांना कसं शिकवत, याची. पाळकसाहेबांनी ती रात्रभर वाचली आणि सकाळी आम्हाला समजावून सांगितली. "आधी साठवायचं, मग तपासायचं, मग बोलायचं. पहिल्यात पाठांतर आणि लॅटिन. दुसऱ्यात तर्कशास्त्र. तिसऱ्यात वक्तृत्व. आपल्याकडे लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात, तिथेच घोटाळा होतो."

"आणि चौथीचे अपूर्णांक?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तेही होतील. पण बाई, साध्या शाळा पिंप्राळ्यात चार आहेत. पाचवी साधी शाळा सरकारने का ठेवावी? आपली शाळा वेगळी दिसायला पाहिजे. आणि देवाने मुलाला डोकं दिलं ते नुसतं तेल लावायला नाही."

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाचा माणूस, मी हे थांबवीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण तपासायचं, हा शब्द ऐकून मी आधीच त्यांच्या बाजूचा राहिलो नव्हतो.

लॅटिनच्या व्याकरणाची प्रत एकच होती आणि ती एक्केचाळिसाव्या पानापासून सुरू होत होती. आधीची चाळीस पानं वाळवीने किंवा समुद्राने घेतली होती. त्यामुळे आमच्या मुलांना राजा, पाय, कुत्रा आणि कायदा या शब्दांची सर्व रूपं आली. राजाचा, राजाला, राजाकडून, हे सगळं ती पाढ्याच्या चालीत म्हणत. मात्र क्रियापदं गेलेल्या पानांत होती. म्हणजे राजा होता, कुत्रा होता, कायदाही होता, पण वर्षभरात त्यांच्यापैकी कोणीच काही केलं नाही. उरलेला वेळ मी भाजीबाजाराने भरला. भरताचं वांगं सोलॅनम मेलोंजेना, हे पहिलीतल्या मुलालाही येऊ लागलं.

मी पिंप्राळ्यातच लोटन नानांकडे भाड्याने राहत होतो. नाना एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवण्याची त्यांची सवय सुटलेली नव्हती.

"काय रे गिरधर, तू पोरेस्ले काय शिकाडी ऱ्हायना?"

"लॅटिन, नाना."

"कोठे बोलतस ती?"

"कुठेच नाही. बोलणारे सगळे मेले."

नानांनी बराच विचार केला. "मंग बरं शे. चूक काढाले कोणी येवाव नही."

एवढ्यावर ते थांबले असते तर ठीक होतं. पण नानांनी मला आणखी दोन प्रश्न विचारले, आणि इंग्रजीतले पुष्कळ शब्द लॅटिनमधून आले आहेत हे मी शास्त्रीय प्रामाणिकपणाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलनीत झालं : "इंग्रजीनी माय शे ती भाषा!" माय शिकली की लेक आपोआप येणार, असा हिशेब घराघरांत मांडला गेला. दिवाळीपर्यंत पट त्रेसष्ट झाला. प्रमिलाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाला जागा नाही म्हणून सांगावं लागलं, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की त्या मुलाच्या आईला प्रवेश मिळाला असंच वाटलं.

मला इथे थांबता आलं असतं. दिवाळीनंतर मी तिसरी-चौथीला तर्कशास्त्र सुरू केलं.

हा विषय मी खरोखर चांगला शिकवला, असं माझं आजही मत आहे. दुभंगलेल्या फळ्याचा इथे उपयोग झाला. डाव्या फळीवर पहिलं विधान, उजव्या फळीवर दुसरं आणि खाली खडूने निष्कर्ष. सर्व केळी एकदाच घड देतात. हे झाड दरवर्षी फळ देतं. म्हणून हे झाड केळ नाही. नियम दोनच ठेवले. एक, कोणतंही विधान स्वीकारण्याआधी 'कशावरून?' असं विचारायचं. दोन, कोणी बरोबर अनुमान मांडलं, मग तो आपल्या विरुद्ध का असेना, की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. दुसरा नियम पाळकसाहेबांचा. सत्य कोणाच्या तोंडून आलं ते बघायचं नसतं, असं ते म्हणत.

पहिल्या आठवड्यात तीन बाप येऊन गेले. एकाच्या मुलाने 'मोठ्यांचं ऐकावं' यावर 'कशावरून?' विचारलं होतं. बापाने 'मी सांगतो म्हणून' असं उत्तर दिलं, तर मुलाने ते विधानातच निष्कर्ष घुसवणं आहे म्हणून नाकारलं. मी त्या गृहस्थांना समजावलं की मुलाचा आक्षेप अगदी बिनचूक आहे. ते समाधानाने गेले असं मला वाटलं. निरीक्षणात मी कच्चा नाही, पण ते झाडांच्या बाबतीत.

मग जानेवारीत लीलाधरभाऊंच्या बहिणीला पाहायला पाहुणे आले.

लीलाधरभाऊंचा केळीचा व्यापार. कॉलनीत त्यांचा शब्द चाले. त्यांनी मुलं या शाळेत घातली म्हणून निम्म्या लोकांनी घातली होती. मुलगी पुष्पा चौथीत, मुलगा तिसरीत. बहीण लता सव्वीस वर्षांची, आणि तिला पाहायला आलेला मुलगा चाळीसगावचा, रेल्वेत. म्हणजे माझ्याच गावचा, त्यामुळे पुढे जे झालं ते माझ्या वडिलांना माझ्याआधी कळलं.

सगळं रीतसर चाललं होतं. पोहे झाले. मुलाचे मामा म्हणाले, "आम्हाला काही नको. देवाच्या दयेनं भरपूर आहे. मुलगी आणि नारळ, बस." मग चहा झाला. मग मामा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पोराला ड्यूटीवर सायकल मारत जावं लागतं हो. रात्रीबेरात्री." लीलाधरभाऊ लगेच म्हणाले, "आमचा जावई सायकलवर कायले जाईन? स्कूटर राहीन ना दारात." आमच्याकडच्या बैठकीचं हेच सौंदर्य आहे. कोणी मागितलेलं नसतं, कोणी दिलेलं नसतं, आणि स्कूटर ठरलेली असते.

तेव्हा दारात बसलेली पुष्पा उठली. वर्गात उभी राहायची तशी हात मागे बांधून, स्पष्ट आवाजात म्हणाली, "ज्यांना काही नको असतं ते काही घेत नाहीत. हे स्कूटर घेताहेत. म्हणून यांना काही नको, हे खोटं आहे."

आणि खाली बसली. मग नियमाप्रमाणे तिच्या धाकट्या भावाने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी लीलाधरभाऊ शाळेत आले. हातात काही नव्हतं, पण माणूस काहीतरी फेकून मारणार आहे अशा बेताने उभे राहिले.

"सर, तुम्ही माह्या पोरीले काय शिकवून राह्यले? पाहुणे चपला घालून निंघून गेले ना!"

त्यांनी सगळा प्रकार सांगितला. ऐकता ऐकता मी पुष्पाचं अनुमान मनात तपासलं. ते निर्दोष होतं. हे मी बोलून दाखवलं.

लीलाधरभाऊ पाळकसाहेबांकडे वळले. "साहेब, मी भांडाले नाही आलो. एकच सांगतो. पोरगीनं चाळीसगावच्या पाहुण्यांसमोर म्हनावं, मी खोटं बोलली. तुम्ही सोबत या. उद्यापासून दोन्ही पोरं शाळेत. नाहीतर मी काढतो, अन् मी काढले का बाकीचे काय करतीन, तुम्हाले ठाऊक आहे."

सगळ्यांनाच ठाऊक होतं. तपासणीला महिना राहिला होता.

"भाऊ, ती लहान आहे हे मी म्हणतो," पाळकसाहेब म्हणाले. "पाहुण्यांना त्रास झाला, त्याबद्दल मी स्वतः चाळीसगावला जाऊन हात जोडतो. पण ती खोटं बोलली का?"

"खरं बोलली म्हनून तर मोडलं ना साहेब!"

"मग खोटं बोलले असं मी तिच्याकडून कसं वदवू? इतके महिने आम्ही तिला दुसरं शिकवलं तरी काय?"

लीलाधरभाऊ गेले. प्रमिलाबाईंनी हजेरीचं मस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "साहेब, एक शब्द म्हणाला असतात तर शाळा राहिली असती."

"हो बाई."

"मग?"

"तो शब्द मी शोधला. मला सापडला नाही."

पाळकसाहेब खरोखर चाळीसगावला गेले. पाहुण्यांनी त्यांना चहा पाजला, फार चांगलं वागवलं, आणि मामा म्हणाले, "आम्ही काही मनावर घेतलं नाही साहेब. आम्हाला तसंही काही नकोच होतं."

नानांनी मला उपाय सांगितला. "लीलाधरना पाय धर. पायमा काय तर्क लागस?" मी शिक्षक आहे, असं मी त्यांना ताठपणे सांगितलं. रात्री मात्र विचार केला आणि सकाळी पाय धरायच्या तयारीने निघालो. लीलाधरभाऊ घरी नव्हते. माझा स्वाभिमान आणि माझी लाचारी, दोन्ही त्या दिवशी अशी वाया गेली.

दारात लता होती. पुष्पाचं वाचनपुस्तक परत करायला तिने माझ्या हातात दिलं. मी अवघडून म्हणालो, "झालं ते वाईट झालं. पण असल्या घरात पडण्यापेक्षा..."

"मला तो मुलगा आवडला होता, सर," ती म्हणाली.

"अहो, पण स्कूटर?"

"स्कूटरवर मागे मीच बसणार होते ना."

मी पुस्तक घेऊन परत आलो. दोन्ही विधानं खरी आणि निष्कर्ष निर्दोष असूनही असं होतं, याचं उदाहरण मी कुठल्याच फळीवर लिहिलं नव्हतं.

मग मुलं जाऊ लागली. आधी लीलाधरभाऊंच्या गल्लीतली, मग फाटकाजवळची. प्रमिलाबाई छत्री घेऊन पहाटेच निघू लागल्या. त्यांचा तो प्रश्न त्यांनी दारोदार विचारला, "मग हा घरी का?" आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा लोकांकडे उत्तर होतं. "बाई, तुम्ही बसा, चहा घ्या. पण पोरगं घरात नको ते विचारतं." एका घरी तर मुलाने स्वतःच विचारलं, "बाई, मी घरी का?" त्याच्या आईने त्याला आत ओढलं. हे सांगताना प्रमिलाबाई हसल्या, आणि मग पदराने चष्मा पुसत राहिल्या.

तपासणीच्या दिवशी पट चव्वेचाळीस होता. पन्नासला सहा कमी. सहा मुलं कुठून तरी उसनी आणून बसवावीत, अशी सूचना नानांनी केली होती. सगळे तसंच करतात म्हणे. पाळकसाहेबांना हे विचारण्याचं धाडस मला झालं नाही. प्रमिलाबाईंना झालं नाही असं मला वाटत होतं, पण सकाळी त्या पाळकसाहेबांच्या खोलीतून रडवेल्या बाहेर आल्या, त्यावरून त्यांना झालं असावं.

विस्तार अधिकारी साहेब सज्जन निघाले. हे आमचं शेवटचं दुर्दैव. ते उद्धट असते तर पुढचं इतकं लागलं नसतं. त्यांनी वेळापत्रक पाहिलं आणि लॅटिनवर बोट ठेवलं.

"हे कुठल्या रकान्यात घेऊ?"

"भाषा," पाळकसाहेब म्हणाले.

"भाषेचे रकाने भरले. कार्यानुभव रिकामा आहे." आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : मातीकाम, शिवणकाम, लॅटिन.

मग त्यांनी मुलांना प्रश्न विचारले. अपूर्णांक विचारले, ते आले. रात्रीचा दिवस करून प्रमिलाबाईंनी ते घेतले होते. नद्या विचारल्या, आल्या. एक मुलगी बायबलमधलं शंभरावं स्तोत्र येतं म्हणाली, ते त्यांनी टोपी काढून ऐकलं. शेवटी ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "चांगली शाळा आहे हो. तालुक्यात अशी दुसरी पाहिली नाही."

चौथीतला पुना उभा राहिला. मी डोळ्यांनी त्याला खाली बसवण्याचा प्रयत्न केला. माझ्या डोळ्यांचा वर्गात कधीच प्रभाव नव्हता.

"साहेब," तो हात मागे बांधून म्हणाला, "चांगल्या शाळेला मान्यता मिळते. तुम्ही म्हणालात ही शाळा चांगली आहे. म्हणून आमच्या शाळेला मान्यता मिळते."

प्रमिलाबाईंनी श्वास रोखला होता. मला ऐकू येत होतं, म्हणजे येत नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. ते काही बोलून वेळ मारून नेतील असं मला वाटलं. पण त्यांनी पुनाकडे नीट पाहिलं आणि त्याच्याच पद्धतीने उत्तर दिलं.

"बाळ, तुझं पहिलं विधान चूक आहे."

"कशावरून, साहेब?"

"चांगल्या शाळेला मान्यता मिळते, असा नियम नाही. पन्नास मुलांच्या शाळेला मिळते, असा आहे. तुमच्याकडे पन्नास मुलं नाहीत. म्हणून..."

पुनाने ते मनात तपासून पाहिलं. त्याचे ओठ हलताना दिसत होते. मग तो म्हणाला, "बरोबर आहे, साहेब," आणि बसला.

आणि शिकवल्याप्रमाणे सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

शाळा तीस एप्रिलला बंद झाली. मुलं आजूबाजूच्या तीन शाळांत वाटून टाकली. मी चाळीसगावला वडिलांच्या दुकानात बसू लागलो, पण जुलैत दोन दिवस काढून जळगावला आलो, आणि प्रमिलाबाईंना सोबत घेऊन तिन्ही शाळांची पाहणी केली. त्यांनी छत्री आणली होती. तिसरीत आमच्याकडे तर्कशास्त्र शिकून चौथीत गेलेली मुलं : तेरा. पाहणीच्या वेळी हजर : तेरा. 'कशावरून?' असं विचारल्याबद्दल वर्गाबाहेर उभी केलेली : अकरा.